किनाऱ्यावरच्या लहान गावाचा इतिहास-भूगोल कसा अभ्यासावा : चौल-रेवदंड्याच्या उदाहरणाने

किनाऱ्यावरच्या लहान गावाची माहिती लिहायला घेणारा बहुधा किल्ल्यापासून सुरुवात करतो. किल्ला डोळ्यांत भरतो, त्याची सनावळी आयती मिळते आणि कोणी बांधला, कोणी जिंकला एवढे लिहिले तरी चार पाने भरतात. मात्र ते बंदर तिथेच का वसले, शतकानुशतके का टिकले आणि अखेर का ओस पडले, हे त्या चार पानांतून कळत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवावा : आधी पाणी, मग वाळू, मग डोंगर, मग घाटाकडे जाणारी वाट आणि सर्वांत शेवटी तटबंदी. ही पद्धत नुसती सांगून नीट समजत नाही, त्यामुळे येथे अलिबाग तालुक्यातील चौल-रेवदंडा हे एकच ठिकाण घेतले आहे. त्याचा लेखी उल्लेख जवळजवळ दोन हजार वर्षे मागे जातो आणि तरीही त्याचा सगळा परिसर पायी पाहून होतो, अशी सोय फार थोड्या गावांत मिळते.

आधी गाव कोणते ते ठरवावे

हा टप्पा क्षुल्लक वाटतो, पण निम्मे घोटाळे येथेच होतात. जुन्या कागदांतील ‘चौल’ म्हणजे आजचे चौल असेलच असे नाही. पोर्तुगीजांचे तटबंदीचे शहर आजच्या रेवदंड्यात होते आणि त्याला ‘खालचे चौल’ म्हणत. निजामशाहीची बाजारपेठ, मशिदी, हमामखाना आणि राजकोट हा किल्ला असलेले ‘वरचे चौल’ हे त्याच्या उत्तरेला, वाड्यांच्या दाटीत होते. वेढा पडला, जाळपोळ झाली, कापड विकले गेले असे कोणतेही वाक्य वाचले की ते वरच्या चौलाचे की खालच्या, हे समासात लगेच लिहून ठेवावे.

त्याचबरोबर नावांची एक यादी करावी. ग्रीक-रोमन लेखकांचे सिमुल्ला किंवा सेमुल्ला, कान्हेरीच्या शिलालेखांतील चेमुल, अरबांचे सैमूर आणि मराठी कागदांतील चेऊल ही सारी नावे याच बंदराची मानली जातात. जिल्ह्याचे नावही विसरू नये. १९८१ पूर्वी हा जिल्हा ‘कुलाबा’ होता, त्यामुळे ग्रंथालयात ‘रायगड’ या नावाखाली शोधणाऱ्याला १८८३ चे गॅझेटिअर सापडत नाही आणि तो ते अस्तित्वातच नाही असे समजून परत येतो.

मग पाण्याकडे जावे

रेवदंड्याच्या दक्षिणेला कुंडलिका नदी समुद्राला मिळते. सह्याद्रीतून उतरून, भिरा, कोलाड आणि रोहा करत आलेली ही नदी रोह्याच्या खाली खाडी होते. भरतीच्या पाण्यावर लहान मचवे रोह्यापर्यंत माल नेत असत. मुखाच्या उत्तरेला रेवदंड्याची सखल वाळू आहे आणि दक्षिणेला कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. त्या डोंगराच्या आडोशाने आत जहाजांना आसरा मिळे. बंदराचे मूळ भांडवल हेच, बाकी सारे त्याच्यावर उभे राहिले.

खाडी पाहायची तर ओहोटीला पाहावी. भरतीला सगळीकडे पाणी सारखेच दिसते. पात्र किती अरुंद आहे, वाळूचे दांडे कुठे आहेत आणि होड्या कोणत्या कडेने आत शिरतात हे पाणी उतरल्यावरच उमजते. वेळ काढण्यासाठी कोकणातला जुना हिशेब पुरेसा आहे : तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते आणि तिच्यापासून सहा-सव्वासहा तासांवर पूर्ण ओहोटी असते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. वेळ सोयीची असली तरी अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी खूप मागे जाते, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया निवडावी. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी पावणेआठ ते साडेआठच्या दरम्यान, चांगल्या उजेडात सापडते. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी किंवा कोळीवाड्यातील एखाद्या जाणत्या माणसाशी वेळ ताडून घ्यावी. तटाच्या समुद्राकडील बाजूने चालताना पाणी परतायच्या आत वर यावे, हे सांगण्याची गरज नसावी, पण दरवर्षी कोणीतरी तिथे अडकतोच.

खाडीच्या मुखाशी उभे राहून एखादी घटना वाचली तर पाण्याचे ज्ञान इतिहासात कसे उपयोगी पडते ते दिसते. मार्च १५०८ मध्ये येथे पोर्तुगीज तांड्याची गाठ इजिप्तच्या मामलूक सुलतानाचा सेनापती अमीर हुसेन आणि गुजरातच्या सुलतानाचा दीवचा अंमलदार मलिक अयाझ यांच्या आरमाराशी पडली. कोचीनच्या व्यापारी जहाजांना सोबत म्हणून आलेला, व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द अल्मेदा या लढाईत मारला गेला. पुस्तकांत बहुधा एवढेच असते. मूळ वृत्तान्तांतील एक तपशील मात्र भूगोलाच्या अभ्यासकाने सोडू नये. लोरेंसोचे जहाज पाण्याच्या रेषेजवळ फुटले, जड झाले आणि बाहेर निघताना खाडीत मच्छीमारांनी रोवलेल्या खुंटांत अडकले. आता हे खुंट कशाचे, याचा विचार करावा. डोल जाळे पाण्याच्या ओढीवर चालते. खुंटांना तोंड बांधून ते प्रवाहात उभे ठेवतात, भरती-ओहोटीचे पाणी त्यातून वाहते आणि मासळी खोलात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, अडकते. म्हणजे असे खुंट जिथे पाण्याला सर्वाधिक ओढ असते तिथेच रोवले जातात, आणि निकामी झालेले जहाजही ओढ त्याच जागी नेते. तोफा इजिप्तच्या आणि गुजरातच्या होत्या, पण जहाज अडवले ते स्थानिक कोळ्यांच्या खुंटांनी. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १५०९ मध्ये, फ्रांसिस्को द अल्मेदाने दीवच्या लढाईत मुलाचा सूड घेतला आणि पश्चिम किनाऱ्यावरचे पारडे फिरले. ती कथा दीवची आहे. चौलाच्या टिपणात तिला एक ओळ पुरे.

समुद्राकडून डोंगराकडे एक सरळ रेघ चालावी

पाण्यानंतर जमीन. त्यासाठी गावाच्या लांबीने न फिरता समुद्राकडून पूर्वेकडे काटकोनात चालावे आणि पायाखाली काय बदलते ते दर दोनशे-तीनशे पावलांवर लिहावे. आधी काळसर वाळूची पुळण लागते, तिच्यामागे सुरूची झाडे. त्यानंतर नारळी-पोफळीच्या वाड्या सुरू होतात. त्या वाळूच्या जुन्या उंचवट्यावर आहेत आणि त्यांतून उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरे, असा गावाचा लांबट आकार त्या उंचवट्यानेच ठरवलेला आहे. वाड्या संपल्या की जमीन पुन्हा खाली उतरते. येथे भातशेती आहे, खाडीच्या बाजूला बांध घालून राखलेली खार जमीन आहे, आणि त्यापलीकडे डोंगर.

या चालीत विहिरी मोजाव्यात, निदान पाहाव्यात. समुद्र इतका जवळ असताना वाडीतल्या विहिरीला गोडे पाणी कसे, याचे उत्तर वाळूतच आहे. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर हलकेपणाने तरंगत राहते. उथळ विहिरीतून हळूहळू उपसले तर वर्षभर पुरते, एकदम जोरात उपसले तर खालचे खारे पाणी वर येते. बैलाच्या रहाटाला ही मर्यादा आपोआप पाळावी लागे, विजेच्या पंपाला ती माहीत नसते. जुन्या विहिरींच्या आणि गडग्यांच्या बांधकामात शंख-शिंपल्यांचे तुकडे असलेला किनारी दगड, म्हणजे करळ, दिसतो का तेही पाहावे, कारण कोणत्या बांधकामाला हाताशी असलेला दगड वापरला आणि कोणत्यासाठी डोंगरातून काळा पाषाण आणवला, यावरून बांधणाऱ्याची ऐपत कळते.

या पट्ट्याला अष्टागर म्हणतात. आठ आगरांची यादी सांगणाऱ्यागणिक थोडी बदलते, म्हणून एकच यादी प्रमाण मानून वाद घालत बसू नये. आक्षी, नागाव, चौल आणि रेवदंडा यांची नावे साधारणतः सगळीकडे येतात, आपल्या कामाला तेवढी पुरतात.

उंचावरून पाहावे

चौल-भोवाळ्याच्या दत्ताच्या डोंगरावर पायऱ्या चढून जावे. मार्गशीर्षात दत्तजयंतीला येथे मोठी यात्रा भरते. अभ्यासासाठी मात्र पावसानंतरची, हवा स्वच्छ असलेली एखादी सकाळ बरी. वरून वाड्यांचा हिरवा पट्टा, त्यामागची शेते, खाडी आणि तिच्या तोंडावरचा कोर्लई एका नजरेत येतात, आणि खाली चालताना काढलेल्या रेघेचा अर्थ लागतो. शेजारच्या हिंगलाज देवीच्या डोंगरातील लेणीही त्याच दिवशी पाहावीत. ती लहान आहेत, पण कान्हेरीच्या दानलेखांत चेमुलचे दाते आढळतात ही गोष्ट लक्षात ठेवून पाहिली, तर या बंदरातील व्यापारी आणि बौद्ध विहार यांचे नाते स्पष्ट होते.

दुसऱ्या दिवशी कोर्लई. पोर्तुगीजांनी १५१६ मध्ये चौलला वखार काढली आणि १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने खाडीच्या उत्तर तीरावर किल्ला बांधायला घेतला. सखल वाळूवरचा तो किल्ला समोरच्या डोंगराच्या माऱ्यात होता, पण डोंगर मोकळा होता तोवर हे उणेपण झाकून राहिले. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने कित्येक महिने वेढा घातला तरी शहर टिकले, कारण समुद्राकडून रसद येतच राहिली. धडा घेतला तो अहमदनगरने : १५९४ च्या सुमारास निजामशाहीने कोर्लईच्या डोंगरावरच ठाणे उभारले, म्हणजे खाडीत येणारे प्रत्येक जहाज तोफेच्या टप्प्यात आले. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी ते हल्ला करून घेतले आणि मग स्वतःच डोंगरभर तट चढवले. कोर्लईच्या अरुंद माथ्यावर उभे राहून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडीचे तोंड पाहिले की या साऱ्या घडामोडी पाठ कराव्या लागत नाहीत. दीपगृहाच्या बाजूने चढ सोपा आहे. ऊन चढण्यापूर्वी वर जावे आणि पाणी बरोबर न्यावे.

रेवदंड्याच्या किल्ल्यात शेवटी जावे. तटाचा घेर मोठा आहे आणि आत वाड्या, घरे, रस्ता, सगळे नांदते आहे. सातखणी नावाचा फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा दुरूनही दिसतो. त्याचे उरलेले मजले मोजावेत, पण त्याच्याच छायाचित्रांवर वही संपवू नये. तटाच्या कोणत्या बाजूला दरवाजे आहेत, समुद्राकडे किती आणि जमिनीकडे किती, हे नोंदवणे अधिक मोलाचे आहे, कारण शहराला कोणाची भीती वाटत होती ते त्यावरून कळते.

घाटाकडची वाट

बंदराची दुसरी बाजू घाटावर असते आणि ती विसरली की इतिहास अर्धा राहतो. येथे एका परक्या प्रवाशाची मदत होते. रशियातील त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास एक घोडा घेऊन चौलला उतरला. घोडे तेव्हा इराण आणि अरबस्तानाकडून समुद्रमार्गे येत आणि घाटावरच्या फौजांना ते हवेच असत. निकितिन चौलहून पालीला आठ दिवसांत पोहोचला आणि पुढे उमरी करत जुन्नरपर्यंत जायला त्याला त्याच्या दुप्पट वेळ लागला. जुन्नरच्या खानाने घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन असे बजावले. अखेर एका खुरासानी माणसाच्या रदबदलीने घोडा सुटला. पाणी आणि चिखल यांनी भरलेल्या चार महिन्यांचे वर्णनही त्याने केले आहे, आणि घाटावरचा माल बंदरात वर्षाच्या कोणत्या भागात उतरू शकत नव्हता ते त्यातून कळते. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात त्याच्या नावाची स्मारकशिला आहे.

निकितिनच्या दिवसांचे आकडे नकाशावर मांडून पाहावेत. अष्टविनायकांतील पाली चौलपासून इतकी दूर नाही की आठ दिवस लागावेत. अशा वेळी ‘हे तेच पाली’ असे ठोकून देण्याऐवजी समासात प्रश्नचिन्ह ठेवावे. स्थानिक इतिहासाची पुस्तके ज्या चुकांनी भरलेली असतात त्यांतल्या बऱ्याचशा अशा घाईत पुसलेल्या प्रश्नचिन्हांच्या आहेत.

कागद आणि सनावळी

पायपीट झाल्यावर कागद वाचावेत, कारण आता कोणते वाक्य जमिनीशी जुळते आणि कोणते नाही हे ओळखता येते. १८८३ चे कुलाबा गॅझेटिअर पहिल्यांदा घ्यावे. त्यातील चौलावरील टिपण दीर्घ आहे, आणि त्याचा भर युरोपीय प्रवाशांवर व ख्रिस्ती वास्तूंवर अधिक आहे हे ध्यानात ठेवले की फार उपयोगाचे ठरते. पोर्तुगीज काळासाठी पणजीच्या पुराभिलेखागारातील लिस्बनच्या पत्रव्यवहाराचे खंड आणि अठराव्या शतकासाठी पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद हे दोन मोठे साठे आहेत. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी चौलला घातलेला वेढा किंवा वसईच्या पाडावानंतर १७४० च्या तहाने चौल मराठ्यांकडे येणे, या घटना एकाच बाजूच्या कागदांवरून लिहू नयेत. दोन्ही बाजूंना विजय आपलाच वाटलेला असतो.

सनांच्या बाबतीत तीन सवयी लावून घ्याव्यात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौष ते फाल्गुन या काळातील तिथी बहुधा पुढच्या इसवी सनात पडते आणि तेव्हा ७९ मिळवावे लागतात. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचे असल्यामुळे तिथे साधी बेरीज चालत नाही, तक्ताच पाहावा. पोर्तुगीजांनी नवे कॅलेंडर १५८२ मध्ये स्वीकारले आणि इंग्रजांनी १७५२ मध्ये, त्यामुळे मधल्या काळातील एकच लढाई दोघांच्या कागदांत दहा-अकरा दिवसांच्या अंतराने आढळते आणि अननुभवी अभ्यासक तिच्या दोन लढाया करतो. शकाचे उदाहरण शेजारीच आहे : आक्षीच्या शिलालेखातील शक शं. गो. तुळपुळे यांनी ९३४ असा वाचला, म्हणजे इसवी सन १०१२. तो मराठीतील सर्वांत जुना लेख की श्रवणबेळगोळचा, हा वाद गावाच्या पुस्तिकेत सोडवण्याचा नव्हे. लेख जाऊन पाहावा आणि त्याची सध्याची स्थिती नोंदवावी.

संख्यांबद्दलही थोडा संशय बाळगावा. अरब प्रवासी अल-मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी सैमूरला आला होता आणि तिथे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहिले आहे. त्या वेळी शिलाहार राजा झंझ राज्य करत होता. दहा हजार हा मोजलेला आकडा नाही, पुष्कळ मोठी वस्ती होती एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. ३६० देवळे आणि ३६० तळी असल्या लोकप्रिय आकड्यांनाही हाच नियम लागू आहे. त्याऐवजी रामेश्वराच्या देवळापुढची पुष्करिणी आणि देवळातील कुंडे नीट पाहून त्यांचे रेखाटन करावे.

माणसे

गावातील लोकवस्ती हाही कागदच आहे. बंदरावर जगणारे बंदर मोडल्यावर कुठे गेले, हा प्रश्न प्रत्येक वस्तीला विचारावा. चौलचे रेशमी आणि सुती कापड विणणारे साळी-कोष्टी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांच्या आमंत्रणावरून मुंबईला जाऊ लागले, तेव्हा बंदर ओस पडण्यात गाळाने भरलेल्या खाडीइतकाच मुंबईच्या खोल गोदीचा आणि तिथल्या सवलतींचा वाटा आहे. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील ज्यू, कुटुंबांपैकी बहुतेक आता परदेशी किंवा मुंबई-ठाण्यात आहेत, रेवदंड्यात त्यांचे सिनेगॉग आहे. थेरोंडा, आग्राव आणि रेवदंड्याचे कोळी मात्र जागचे हलले नाहीत, कारण त्यांचे बंदर व्यापाऱ्यांच्या जहाजांवर अवलंबून नव्हते.

कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीसाठी एक दिवस वेगळा काढावा. १७४० नंतर पोर्तुगीज अधिकारी निघून गेले, सामान्य शेतकरी कुटुंबे राहिली आणि डोंगराच्या पायथ्याशी वसली. चौलात जन्मलेली त्यांची पोर्तुगीज वळणाची बोली आजही तिथे घरात बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आसपास आहेत, आणि पिढ्यान् पिढ्या मराठीच्या शेजारात राहून तिच्यातील वाक्यरचना मराठीच्या वळणावर आली आहे : क्रियापद शेवटी येते. भाषाशास्त्रज्ञ येथे अनेकदा येऊन गेले आहेत, त्यामुळे लोकांना प्रश्नांची सवय आहे आणि थोडा कंटाळाही. थेट ध्वनिमुद्रक पुढे करू नये. आधी वडीलधाऱ्यांची परवानगी घ्यावी, काय नोंदवणार आणि ते कुठे छापणार हे सांगावे, रविवारी प्रार्थनेच्या वेळेत जाऊ नये, आणि लिहिलेला मजकूर छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवावा. वाचताना जिथे ते अडवतील ती जागा दुरुस्त करूनच पुढे जावे.